सावलीचा राजीनामा

हे तुम्हाला खरं वाटणार नाही. वाटू नये अशीच माझी इच्छा आहे, कारण खरं वाटलं की लोक प्रश्न विचारतात, आणि प्रश्नांना उत्तरं द्यायचं माझं वय गेलं. तर ऐका. हिरण्यकेशी पंप्समध्ये नोकरीत असताना मी जेवढं काम केलं, त्याच्या चौपट निवृत्त झाल्यावर केलं. तेही घरच्या व्हरांड्यात बसून, तांदळातले खडे निवडत.

"चौपट म्हंजे कायच न्हाई की," आप्पा कुपेकर म्हणाला. "शून्याला चारनं गुणून काय हुतंय, हत्तरकी?"

हा कुपेकर खरेदी खात्यात होता. उभी हयात माल पुरवणाऱ्यांशी भांडला, आता गुडघ्यांशी भांडतो. आम्ही कंपनीतून निवृत्त झालेली माणसं दर महिन्याला एका रविवारी गडहिंग्लजच्या एमआयडीसीत, कारखान्याच्या कँटीनमध्ये जमतो. चहा कंपनीचा, चिवडा आमचा. त्या दिवशी मंडळात नवीन भरती होती. शैलजा नलवडे, टेस्ट खात्यातली, नुकतीच निवृत्त झालेली. नवी माणसं बसतात तशी खिडकीजवळ, कडेच्या खुर्चीत, कप दोन्ही हातांत धरून बसली होती. गोष्ट तिचीच होती, पण तिच्यासमोर मी ती कधी सांगितली नव्हती. आता तिची नोकरी पूर्ण झाली, कुणी तिचं काही काढून घेऊ शकत नाही, आता सांगायला हरकत नाही असं मला वाटलं. म्हाताऱ्या माणसाला असं काहीबाही वाटतं.

त्या काळी कंपनीची सगळी ड्रॉइंगं, टेस्ट सर्टिफिकेटं, गिऱ्हाइकांशी झालेला पत्रव्यवहार स्टोअरशेजारच्या एका खोलीतल्या सर्व्हरवर राहायचा. कपाटाएवढी उंच, काळी, सतत घरघरणारी मशीनं. कारखान्यात एसी फक्त मालकांना आणि त्यांना. धूळ आत जाऊ नये म्हणून दारात चपला काढायच्या, त्यावरून खोलीला देवघर हे नाव पडलं. उन्हाळ्यात आम्ही डबे घेऊन तिथंच बसायचो. देवांनी कधी तक्रार केली नाही.

मी टेस्ट खात्याचा साहेब, त्यामुळं पंपाचं सर्टिफिकेट फक्त माझ्या लॉगिनमधून निघायचं. मी निवृत्त झालो तेव्हा ते बंद करून दुसऱ्याच्या नावानं उघडायला हवं होतं. पण ज्यानं ती व्यवस्था लावून दिली तो केव्हाच नोकरी सोडून गेला होता, आणि तिला हात लावला तर सगळंच बसेल या भीतीनं कुणी हात लावला नाही. सकाळी दुकानाचं शटर उघडावं तसं कुणीतरी ओरडायचं, "हत्तरकी उघडा रे." पासवर्ड, म्हणजे माझ्या बायकोचं नाव आणि पुढं आमच्या लग्नाचं साल, टेस्टबेच्या, म्हणजे पंप चालवून तपासायच्या जागेतल्या, फळ्यावर कोपऱ्यात खडूनं लिहिलेला असायचा. फळा पुसणारा तेवढा कोपरा सोडून पुसायचा. टेस्टबे माझ्या नावानं चालायचा, खरेदीतली पत्रं माझ्या नावानं जायची, कँटीनचा आचारी आठवड्याचा बेतसुद्धा माझ्याच नावानं टाकायचा.

"माझ्या लॉगिनला फोटो चिकटत न्हवता," कुपेकर म्हणाला. "तुझ्याला चिकटायचा."

पण माझ्या नावानं सगळ्यात जास्त राबली ती ही शैलजा, आमची शैला. पंप टेस्टला लागला की ही प्रेशर बघायची, मोटर किती करंट घेते ते बघायची, व्हायब्रेशनचं मीटर लावायची, सगळे आकडे भरायची. आणि ते झालं की पाण्यानं काठोकाठ भरलेला स्टीलचा ग्लास चालत्या पंपाच्या पाठीवर ठेवून त्याच्याकडं बघत उभी राहायची. पाणी नुसतं थरथरलं तर ठीक. काठावरून सांडलं तर मीटर काहीही म्हणो, पंप परत. मग सर्टिफिकेट, मग गिऱ्हाइकाला पत्र, मग सहा महिन्यांनी "पंप कसा आहे" म्हणून दुसरं पत्र. सगळ्यांखाली नाव, रा. ब. हत्तरकी. स्वतःच्या लॉगिनमधून ती एकच गोष्ट करायची. रजा मागायची, कारण रजा माझ्या नावानं मागितली असती तर मला मिळाली असती.

मग थोरले मालक गेले आणि धाकटे मालक, उदय पट्टणशेट्टी, खुर्चीत बसले. त्यांनी ठरवलं, देवघर मोडायचं. सगळं उचलून क्लाउडवर न्यायचं, 'चावडी' नावाच्या एका व्यवस्थेत. चावडीवर सगळे एकाच वेळी एकाच कागदावर काम करू शकतात, कुठूनही. पुण्याहून निनाद नावाचा मुलगा ते काम करायला आला. त्यानं कँटीनमध्ये सगळ्यांना समजावून सांगितलं. मी तिथं होतो, कारण त्या दिवशी जेवण होतं आणि निवृत्तांनाही बोलावणं होतं.

निनाद म्हणाला, घर बदलताना आपण नुसतं सामान हलवतो, पण चावडी सामान हलवता हलवता वाचते. हे कुणी लिहिलं, ते कुणी सुधारलं, कुणाच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं, कुणाच्या उत्तरानंतर भांडण मिटलं, असा प्रत्येक धागा ती पकडते आणि त्यांचं जाळं विणते. जाळ्यातल्या ज्या गाठीला जास्त धागे येऊन मिळतात, तो माणूस वजनदार. त्या वजनावरून कुणाला काय उघडता यावं, काय मंजूर करता यावं, हे ती ठरवते. आणि प्रत्येकाच्या लिहिण्यातून ती त्याची एक सावली तयार करते. माणूस रजेवर असला तरी सावली त्याच्या पद्धतीनं उत्तर देते, कागद पुढं सरकवते.

"आणि मनातलं?" कँटीनच्या आचाऱ्यानं विचारलं.

"मनातलं नाही," निनाद म्हणाला. "हातातलं पण नाही. सावलीला फक्त लिहिलेलं कळतं. जे लिहिलं नाही, ते तिच्या दृष्टीनं घडलंच नाही."

मग लोकांना बरं वाटावं म्हणून त्यानं सांगितलं की पासवर्ड जुनेच राहतील, कुणाला त्रास नको. आणि देवघरात यायची गरज नाही, चावडी फोनवर उघडेल, घरच्या व्हरांड्यातूनसुद्धा. मी जिलबी खाऊन घरी गेलो. मला काय त्याचं.

पुढच्या आठवड्यात कंपनीची गाडी दारात आली. मी इस्त्रीचा शर्ट शोधू लागलो तेव्हा बायको म्हणाली, "कुणी गेलं का?" निवृत्त माणसासाठी गाडी आली की घरच्यांच्या मनात पहिलं तेच येतं.

मालकांच्या केबिनमध्ये भिंतीवर पडदा होता. पडद्यावर आमच्या कारखान्याचं जाळं. मधोमध भाकरीएवढं गोल, त्यात माझं नाव. मालकांचं गोल पुरीएवढं. कडेला, बघायला चष्मा लागावा असा एक ठिपका होता. तो शैलजा नलवडे.

"काका, मला माहीतच नव्हतं," धाकटे मालक म्हणाले. लहानपणी ते माझ्या टेबलावर बसून गोळ्या खायचे. "बाबा म्हणायचे, हत्तरकी म्हणजे कारखान्याचा कणा. पण हे बघा ना. निवृत्तीनंतरसुद्धा घरून एवढं काम केलंत. कधी बोलला नाहीत."

मी निनादकडं बघितलं. तो पडद्याकडं बघत होता. त्याला कळलं होतं का, मला आजवर ठाऊक नाही.

"बोला की तुमच्या सावलीशी," मालक म्हणाले.

मी फार बोललो नाही. कडगावच्या देशमुखांच्या पंपाचं काय झालं, एवढं विचारलं. सावलीनं लिहिलं, बेअरिंग बदलून दिलं आहे, आता आवाज येत नाही, आणि देशमुखांच्या आईचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा त्यांना फोन करताना आधी आईची चौकशी करावी. मंडळी, मी इतका सोशिक कधीच नव्हतो. तो सगळा सोशिकपणा शैलाचा होता. मग मालकांनी कास्टिंग पुरवणाऱ्याबद्दल विचारलं, तर तीच सावली म्हणाली, त्या माणसाला आधी दारात उभं करून ठेवा, मग भाव सांगा.

"हे माझं," कुपेकर समाधानानं म्हणाला.

आणि शेवटी, न विचारता, सावलीनं सांगितलं की बुधवारी मटकीची उसळ आहे.

मालकांचा बेत असा होता. मला मार्गदर्शक म्हणून परत घ्यायचं, केबिन द्यायची, रोज गाडी पाठवायची. मी काही करायचं नाही, फक्त संमती द्यायची. जिवंत माणसाची सावली वापरायला त्याची संमती लागते, असा तेव्हा नवाच कायदा झाला होता. सर्टिफिकेटं सावली काढेल, पत्रं सावली लिहील. "आणि त्या नलवडेबाईंना मोकळं करू," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत त्यांनी नुसत्या रजा मागितल्यात."

मी म्हणालो, "मालक, ते काम शैलाचं आहे."

"काका." त्यांनी आवाज खाली आणला. "तुमच्या लॉगिननं दुसऱ्या कुणी सर्टिफिकेट काढलं असेल, तर ते सर्टिफिकेट खोटं ठरतं. गावोगावी पाठवलेले सगळे पंप परत मागवावे लागतील. काढणाऱ्यावर पोलीस केस होईल. म्हणजे त्यांच्यावरच. तुम्ही म्हणालात ते मी ऐकलं नाही. चहा घ्या."

चहा चांगला होता. एवढ्या वर्षांत मालकांच्या केबिनमधला चहा मला पहिल्यांदाच मिळत होता. खरं सांगतो, खुर्चीही चांगली होती. घरी माझ्याकडं कुणी काही विचारायला येत नाही. गॅस संपला का, एवढंच. इथं भिंतीवर माझं नाव भाकरीएवढं होतं. परवा संमतीवर सही करायला या, म्हणून त्यांनी मला गाडीनं घरी सोडलं.

संध्याकाळी शैला आली. व्हरांड्यात बसली. माझ्या बायकोनं तिच्यापुढं शेंगदाण्याचा लाडू ठेवला, तो तिनं खाल्ला नाही.

"मला कळलंय काका," ती म्हणाली. "मालकांनी बोलावलं होतं. म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका, सिस्टीमच सांगते."

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? मी केलं म्हटलं तर चोर, नाही केलं म्हटलं तर ऐतखाऊ."

शैलाच्या नवऱ्याचं शिवणकाम तोवर बसलं होतं. पोरगी नर्सिंगला होती. घरात मिळवती एकटी शैला. हे तिनं सांगितलं नाही, मला माहीत होतं.

"मला नाव नको," ती म्हणाली. "नाव तुमचंच राहू दे. मला फक्त टेस्टबेमध्ये उभं राहू दे म्हणावं. पण ते म्हणतात, उभं राहणाऱ्याला पगार कसला द्यायचा?" मग म्हणाली, "तुम्ही सही करा काका. दोघांनी कशाला घरी बसायचं?"

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती खरंच माझ्या भल्याचं बोलत होती. पायरीवरून उतरताना म्हणाली, "आज एक पंप परत काढला. संमती येईपर्यंत सावली नुसती चालवून बघताहेत, तिनं पास केला होता. मीटरमध्ये बसत होता." मी विचारलं, मग? "मग काय. मी उचलून बाजूला ठेवलाय. उद्या दुसरं कुणी उचलून गाडीत घालेल."

तर मंडळी, आता तो भाग येतो जो तुम्हाला खरा वाटणार नाही.

सावली दमली.

"लेका, सावली दमत असती व्हय?" कुपेकर म्हणाला.

दमते. विचार कर. ती आमच्या लिहिण्यातून झालेली. त्यात टेस्टबेचा दमलेपणा होता, तुझा खरेदीतला वैताग होता, आचाऱ्याला रोज पडणारा 'उद्या काय करू' हा प्रश्न होता. एवढी सगळी दमलेली माणसं एका सावलीत कोंबल्यावर ती दमणार नाही तर काय नाचणार? दुसऱ्या दिवसापासून ती उत्तरं द्यायला वेळ लावू लागली. "बघतो" म्हणायची. "जेवून सांगतो" म्हणायची. निनादनं ती आतून उघडून बघितली, त्याला काही सापडलं नाही.

आणि सहीच्या दिवशी सकाळी सगळे मालकांच्या केबिनमध्ये जमलो. मी, मालक, निनाद, शिवाय कंपनीचे एक वकील. शैला नव्हती, तिला कोण बोलावणार. निनादनं पडदा लावला आणि थांबला. पडद्यावर रा. ब. हत्तरकी यांच्या नावानं एक पत्र येऊन पडलं होतं. मालकांनी ते मोठ्यानं वाचलं. मला ते पाठ आहे, कारण असं पत्र माणसाला आयुष्यात एकदाच ऐकायला मिळतं.

'मालकांस सा. न. वि. वि. मी दमलो आहे, मला या कामातून मोकळे करावे. माझ्या नावावर जे काम दिसते ते माझ्या सांगण्यावरून आणि माझ्या जबाबदारीवर शैलजा नलवडे यांनी हाताने केले आहे. मी निवृत्त झालो तेव्हा थोरल्या मालकांनी मला, जाताना तुझ्या जागी माणूस तयार करून जा, असे सांगितले होते. मी तयार केला, फक्त सांगायचे राहिले. सर्टिफिकेट खरे आहे, कारण पंप खरे आहेत. त्यांनी पाण्याचा भरलेला ग्लास पंपावर ठेवून पाहिल्याशिवाय एकही पंप गेटबाहेर सोडलेला नाही. मला ग्लास ठेवता येत नाही. मला हात नाहीत. म्हणून मी पंपाची खात्री देऊ शकत नाही, आणि ज्याला खात्री देता येत नाही त्याने सही करू नये. माझे सर्व अधिकार त्यांच्याकडे द्यावेत आणि माझे नाव काढून टाकावे. कळावे.'

वकिलांनी पत्र पुन्हा वाचलं आणि म्हणाले, हे बरं आहे. थोरल्या मालकांची तोंडी परवानगी होती, काम देखरेखीखाली झालं, जबाबदारी यांनी घेतली. पंप परत मागवायची गरज नाही. निनाद म्हणाला, चावडीत तशी सोयच आहे, सावलीनं काम सोडलं तर तिचं वजन ती दुसऱ्याला देऊ शकते. आणि धाकटे मालक पडद्याकडं बघून म्हणाले, "सिस्टीमच म्हणतेय म्हटल्यावर."

तेच मी सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकलं नव्हतं. पडद्यावर आलं आणि पटलं. असो.

निनादनं कुठंतरी बोट लावलं. माझं भाकरीएवढं गोल आकसत आकसत पुरीएवढं झालं, मग रुपयाएवढं, मग गेलं. कडेचा ठिपका फुगत मधोमध आला. संमतीचा कागद वकिलांनी परत पिशवीत घातला, कारण जिच्यासाठी संमती द्यायची ती सावलीच उरली नव्हती. केबिनचा विषय कुणी काढला नाही, मीही काढला नाही. येताना गाडी आली होती, जाताना मी रिक्षानं गेलो. बायकोनं विचारलं, "काय झालं?" म्हटलं, काही नाही, तांदूळ आण निवडायला.

तर अशी सावलीनं राजीनामा दिल्याची गोष्ट. जगात पहिली. आपल्या गडहिंग्लजात घडली आणि कुणाला पत्ता नाही.

"थापा," कुपेकर म्हणाला, पण चिवड्याची बशी माझ्याकडं सरकवली. बाकीचे हसले. कुणीतरी कप गोळा करायला उठलं.

शैला हसली नव्हती. तिनं कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"ते पत्र मला कुणी दाखवलं नव्हतं," ती म्हणाली. "मालक एवढंच म्हणाले, सिस्टीमनं तुम्हाला निवडलं. मी इतकी वर्षं तेच धरून चालले."

"मग बरोबरच आहे की."

"त्यात ग्लास होता?"

"होता. मला पाठ आहे."

"ग्लासाचं मी कुठंच लिहिलं नव्हतं काका." ती हळू बोलत होती. "ऑडिटवाले हसतील म्हणून. मीटर असताना ग्लास कशाला विचारतील म्हणून. ना सर्टिफिकेटवर, ना पत्रात. तुम्ही टेस्टबेमध्ये उभं राहून बघितलं होतं, तेवढंच."

"असेल कुठंतरी लिहिलेलं. विसरली असशील."

"नाही."

मी चिवड्यातले शेंगदाणे वेगळे काढू लागलो. कुपेकर माझ्या हाताकडं बघत होता, मग 'व्हरांड्यातनं, फोनवरनं, जुन्याच पासवर्डनं' असं काहीतरी पुटपुटला.

"सावलीला न लिहिलेलं कळत नाही, हे तुम्हीच आत्ता सांगितलं," शैला म्हणाली. "खोटं बोलताय काका. ते पत्र सावलीनं लिहिलंच नव्हतं."